कलम अठरा आणि भामरागडची वाट

दरवर्षी १० ऑक्टोबर उजाडला की जागतिक मानसिक आरोग्य दिनाचे सोहळे सुरू होतात. मंत्रिमहोदय दीपप्रज्वलन करतात, शहरांतील सभागृहांत ताणतणावांवर व्याख्याने झडतात आणि मन मोकळे करा, असा उपदेश जनतेला केला जातो. मोकळे कोणापाशी करायचे, कोणत्या भाषेत करायचे आणि ते ऐकणारा माणूस कोणत्या गावी बसतो, हे प्रश्न त्या सभागृहांत कोणी विचारीत नाही. तेथे जमलेल्यांपुरते ते केव्हाच सुटलेले असतात.

वास्तविक या देशात कायद्यांची वाण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा संसदेने २०१७ साली संमत केला आणि २९ मे २०१८ पासून तो अमलात आला. त्यातील अठरावे कलम कोणाही लोकशाहीवाद्याला हर्ष व्हावा असे आहे. शासनाच्या खर्चाने चालणारी मानसोपचार सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे; ती परवडणारी, पुरेशी व जवळपास असली पाहिजे; धर्म, जात, वर्ग, लिंग, संस्कृती यांवरून तीत भेदभाव होता कामा नये; दारिद्र्यरेषेखालील रोग्याला ती विनामूल्य मिळाली पाहिजे; आणि उपचारांसाठी कोणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, याची तजवीज शासनाने अग्रक्रमाने करावयाची आहे. एवढे सगळे एका कलमात लिहून ठेवणाऱ्या शासनाला भामरागडची वाट मात्र आजवर सापडलेली नाही.

महाराष्ट्रातील चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. चारही इंग्रजी अमदानीतील. भामरागडच्या माडिया कुटुंबाला नागपूर तीनशे किलोमीटरहून अधिक दूर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे, हे शासकीय प्रवक्ते तत्परतेने सांगतील. पण जिल्ह्याचे ठाणे गडचिरोली, आणि तेही भामरागडहून दीडशे किलोमीटरपलीकडे. भ्रमिष्ट झालेल्या तरुण मुलाला एस. टी.त बसवून, दोन माणसांनी धरून, दोन दिवसांची मजुरी बुडवून तेथवर न्यायचे. गोळ्या महिन्याच्या मिळतात, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कुटुंब थकते. मग अहवालात शेरा पडतो की रोग्याने उपचार मध्येच सोडले. उपचारांनी रोग्याला सोडले, असे लिहिण्याची सोय त्या नमुन्यात नसते.

अंतराहूनही कठीण भिंत भाषेची आहे. हिवताप रक्ताच्या थेंबात दिसतो, मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. मनाचा आजार बोलण्यातच दिसतो. डॉक्टरची सुई आणि नळी म्हणजे येथे शब्दच. गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर होती, कोरकूभाषक सात लाखांवर होते, आणि यांपैकी एकाही भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळालेले नाही. मराठीतून शिकलेला डॉक्टर कोरकू बाईसमोर बसतो तेव्हा मध्यस्थ कोण असतो? कधी वॉर्डबॉय, कधी तिचाच शाळकरी मुलगा, कधी सासरा. ज्याच्या धाकाने तिची झोप उडाली, त्याच्याच तोंडून तिने आपले दुःख सांगायचे! अशा मुलाखतीतून निघालेल्या निदानाला शास्त्र म्हणणे हा शास्त्राचाही अपमान आहे.

यावर पांढरपेशा वर्गाचे ठरलेले उत्तर असे की, हे लोक मुळात भगताकडे आणि दर्ग्यावर जातात, त्याला शासन काय करणार? हे उत्तर सोयीचे आहे, म्हणूनच ते तपासले पाहिजे. भगत गावात राहतो. तो रात्री दार उघडतो. तो रोग्याच्या भाषेत बोलतो आणि त्याच्या आजोबांनाही ओळखत असतो. या चारांपैकी एकही गोष्ट शासकीय सेवेजवळ नाही. अंधश्रद्धेचे समर्थन कोणी करू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्यात, साखळदंडांनी बांधलेले मनोरुग्ण आगीत जळून मेले. त्यांची संख्या पंचवीसच्या वर गेली. २०१७ च्या कायद्याने साखळदंडाला बंदी घातली, आणि नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला, हे योग्यच झाले. परंतु मांत्रिकाला हटवल्यावर रिकामी झालेली जागा कायद्याचे कागद भरून काढू शकत नाहीत. तेथे माणूस पाठवावा लागतो.

आणि माणूस पाठवून तरी सारे संपते काय? डॉ. पायल तडवी ही जळगावकडची, तडवी भिल्ल समाजातील मुस्लिम घरची मुलगी. डॉक्टर होऊन ती मुंबईच्या महापालिकेच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिला अंतराची अडचण नव्हती, भाषेची नव्हती. औषधे आणि तज्ज्ञ तिच्या आवारातच होते. २२ मे २०१९ रोजी तिने आत्महत्या केली. जातीवरून छळ केल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर गुन्हा दाखल झाला. त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. त्याआधी १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला गेला होता. पायल व रोहित यांच्या मातांनी २०१९ मध्ये एकत्र येऊन सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्यांनी मुलांसाठी समुपदेशक मागितला नव्हता. उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेदाला आळा घाला, अशी त्यांची मागणी होती. वसतिगृहात समुपदेशक नेमून अपमान तसाच चालू ठेवणे म्हणजे भट्टीवर राबणाऱ्याला पंखा देऊन कामाचे तास वाढवणे होय.

दंगलीत होरपळलेल्या वस्त्यांची कथाही वेगळी नाही. १९९२–९३ च्या मुंबईतील हत्याकांडात श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यूंची नोंद केली. त्यांत ५७५ मुसलमान होते. मृतांच्या वारसांना भरपाई देण्याची रीत तरी आहे. दाराची कडी वाजली की ज्या मुलाचा श्वास अडकत असे, त्या मुलाचा रकाना कोणत्याही पंचनाम्यात नव्हता.

रकान्यांची ही गोष्ट क्षुल्लक नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आत्महत्यांचा अहवाल प्रसिद्ध करतो. २०२१ साली देशात १,६४,०३३ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांतील ४२,००४ रोजंदारीवरील मजुरांच्या. राज्यांत महाराष्ट्र २२,२०७ आत्महत्यांसह सर्वांत पुढे. व्यवसाय, शिक्षण, उत्पन्न, वैवाहिक स्थिती यांची कोष्टके त्यात असतात. जातीचे व धर्माचे कोष्टक मात्र नसते. निवडणुकीच्या उमेदवारीसाठी घरोघरची जात ज्यांना तोंडपाठ असते, त्यांना मृत्यूच्या नोंदीत तिचा विसर पडतो. मोजले नाही की जबाबदारी येत नाही, हा त्यातला हिशेब.

पैशाचा हिशेब तर उघडच आहे. २०२३–२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मानसिक आरोग्यासाठीची थेट तरतूद आरोग्य खात्याच्या एकूण तरतुदीच्या एक टक्क्याच्या आसपास होती, आणि तिचाही मोठा वाटा बंगळुरूच्या निम्हान्स या एका संस्थेचा. ती संस्था नामांकित आहे, तिच्याकडून काढून घ्या असे कोणी म्हणणार नाही. पण १४४१६ या दूरध्वनी क्रमांकाने २०२२ पासून जे काम सुरू झाले, ते डोंगरातल्या पाड्यावरील डॉक्टरची जागा घेईल, असे मानणाऱ्यांनी सातपुड्यात जाऊन एकदा तो क्रमांक फिरवून पाहावा.

विधिमंडळाच्या पुढील अधिवेशनात समाजवादी सदस्यांनी एकच प्रश्न लावून धरावा. भामरागड, धडगाव आणि धारणी या तीन तालुक्यांत गेल्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञ किती दिवस बसला आणि तो रोग्यांशी कोणत्या भाषेत बोलला? ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ हे उत्तर सभागृहाने स्वीकारू नये. तालुकावार, दिवसांच्या आकड्यांतच उत्तर मागावे, आणि दुभाषा कोण होता तेही विचारावे.