खोक्यातून येणारी बंदूक

२६ मार्च २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने घरी जोडायच्या पिस्तुलांबद्दल सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला. सुट्या भागांचे खोके विकत घ्यायचे, घरी चार साधी हत्यारे वापरून ते जोडायचे आणि विनानंबरची पिस्तूल तयार करायची, असा हा धंदा होता. अशी खोकीसुद्धा बंदूक या व्याख्येत बसू शकतात, असे सरकारने २०२२ च्या नियमात म्हटले होते. म्हणजे विक्रेत्याला परवाना हवा, मालावर नंबर हवा, गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासायला हवी. न्यायमूर्ती गोरसच यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने हा नियम उचलून धरला.

आम्हाला कुतूहल वाटले ते दुसऱ्याच एका खोक्याचे. त्याच देशात ठासणीच्या चकमकी रायफलचे किट मिळते. चांगल्या किटला हजार डॉलरहून जास्त पडतात. ते टपालाने थेट घरी येते आणि केंद्रीय कायद्याप्रमाणे ना परवाना लागतो, ना नंबर, ना तपासणी. १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्याने १८९८ पर्यंतच्या बंदुका आणि त्यांच्या ठरावीक प्रतिकृती ‘पुराणी शस्त्रे’ म्हणून वगळल्या आहेत. काळ्या दारूवर चालणारी, आधुनिक काडतूस न घेणारी ठासणीची बंदूक त्यातच मोडते, मग ती काल बनलेली का असेना. पिस्तुलाच्या खोक्याला एक न्याय आणि रायफलच्या खोक्याला दुसरा, हे वरवर विसंगत दिसते. आमच्या मते त्यात विसंगती नाही.

त्यासाठी ही बंदूक बनते आणि चालते कशी हे पाहावे लागते. मूळ नमुना अठराव्या शतकातला, पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांचा. लांब अष्टकोनी नळी, लहरदार रेषांच्या मेपल लाकडाचा सडपातळ दस्ता, पितळी साज. किटमध्ये नळी, चाप, घोडा, पितळेचे ओबडधोबड ओतीव भाग आणि अर्धवट कोरलेला दस्ता एवढे येते. पुढचे सगळे हाताने. लोखंडाच्या भागाला काजळी लावून तो लाकडात दाबायचा, काळा डाग जिथे उमटेल तेवढेच पटाशीने खरवडायचे, पुन्हा दाबायचे. असे शंभरदा. ओतीव पितळ कानशीने घासून गुळगुळीत करायचे. दस्त्याला लोखंड विरघळवलेले नायट्रिक आम्ल फासून वाळवायचे आणि गरम हवेने शेकायचे. मग हिरवट पडलेले लाकूड डोळ्यांदेखत तांबूस तपकिरी होते आणि लपलेल्या लहरी वर येतात. त्यावर जवसाच्या तेलाचे हात. नळीला मुद्दाम गंज चढवायचा, घासायचा, पुन्हा चढवायचा, असे काही दिवस केल्यावर मुरलेला तपकिरी रंग येतो. जुन्या पद्धतीच्या किटला फावल्या वेळातले कित्येक महिने लागतात. उलट त्या पिस्तुलाचे खोके अर्ध्या तासाच्या आत जोडून झाल्याची नोंद न्यायालयापुढे होती.

चालवतानाही तीच तऱ्हा. दारू मोजून नळीत ओतायची, कापडात गुंडाळलेली गोळी गजाने ठासायची, बाजूच्या कटोरीत रंजक घालायची. चाप ओढला की घोड्याच्या तोंडातली गारगोटी पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या रंजकीवर पडतात, कानातून आग आत जाते. सरावाच्या माणसालाही दुसऱ्या बारासाठी अर्धे-एक मिनिट लागते. पावसात रंजक भिजली तर तेवढेही नाही. अमेरिकी कायदेमंडळाने मोजला आहे तो हा वेग. बंदूक कोणी आणि कुठे बनवली यापेक्षा ती किती लवकर दुसऱ्यांदा झाडता येते, यावर त्याची रेघ आखलेली दिसते.

ती रेघ आता थोडी पुसट होते आहे, हेही सांगायला हवे. ओहायोच्या जिम किब्लर यांच्यासारखे उत्पादक संगणकावर चालणाऱ्या यंत्राने दस्ता आणि भाग इतके नेमके कापतात की महिन्यांचे काम काही दिवसांवर येते. पण त्यामुळे बनवण्याचा वेळ घटला, ठासण्याचा नाही. म्हणून सूट टिकावी असे आम्हाला वाटते. मात्र गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूसही केंद्रीय कायद्याने अशी बंदूक बाळगू शकतो, हे भोक बुजवायला हवे. काही राज्यांनी ते बुजवले आहे.

या छंदाची खरी नाडी दारूत आहे. आधुनिक पर्यायी दारू पेट घ्यायला जास्त उष्णता मागते. गारगोटीच्या ठिणगीला ती दाद देत नाही. खरी काळी दारूच लागते. अमेरिकेत ‘गोएक्स’ या नावाने ती बनवणारा लुइझियानातला कारखाना २०२१ मध्ये मालक कंपनीने बंद करायचे ठरवले, तेव्हा या मंडळींच्या तोंडचे पाणी पळाले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने तो घेतला म्हणून निभावले. आयुष्यभर बँकेत कर्जप्रकरणे पाहिलेल्या माणसाला एकाच पुरवठादारावर उभा असलेला व्यवसाय दिसला की धास्ती वाटते, ती इथेही वाटते. मागणी मात्र आहे. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा जो हंगाम असतो त्यात फक्त चकमकीचीच बंदूक चालते. त्यातून ४ जुलै २०२६ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची २५० वर्षे.

आपल्याला ही बंदूक परकी नाही. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी चकमकीच्या बंदुका वापरत आणि त्या आग्र्याच्या कारखान्यांत बनत. पण आजचा आपला कायदा वेगाची रेघ मानत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे चालती ठासणीची बंदूक ही बंदूकच. तिचे सुटे भागही शस्त्रच. परवान्याशिवाय ती बनवणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. हे कडक वाटले तरी कारण उघड आहे. अमेरिकेत ही हौशी माणसाची महाग वस्तू. आपल्याकडे जंगलात चोरटी शिकार करणाऱ्याचे स्वस्त हत्यार. घाटाखाली सिंधुदुर्गात रानडुकरे आणि माकडे पिकांचा फडशा पाडतात म्हणून शेतीसंरक्षणाचे परवाने दिलेले आहेत. त्या शेतकऱ्याला नूतनीकरणाचे हेलपाटे आणि निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करणे चुकत नाही. आपल्याच राज्यात कोडगूच्या कोडवांना मात्र परवान्यातून सूट आहे. २०१९ मध्ये ती दहा वर्षांसाठी वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती कायम ठेवली.

बेळगाव आणि आसपासच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादी नळी अजून सापडते. जुन्या घाटाची किंवा नादुरुस्त आणि दुरुस्त करूनही न चालणारी असेल तरच ती कायद्यातून सुटते. हे आपल्या मनाने ठरवू नये; पोलिसांकडून लेखी घ्यावे. बँकेच्या लॉकरमध्ये तर अजिबात नेऊन ठेवू नये, करारातच शस्त्रांना मनाई असते.

आणि ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. केंद्रीय सूट सगळ्या राज्यांत चालत नाही. न्यू जर्सीत, जिथे आपली मराठी घरे पुष्कळ आहेत, चालती ठासणीची बंदूक घ्यायलाही ओळखपत्र लागते. कायमचे परत येताना ती सामानात घालून आणता येणार नाही, सुटी करूनही नाही. मुलाने किट मागवण्याचा विषय काढला तर आधी राज्य कोणते ते विचारा.