कोलेस्टेरॉल उतरविण्यात धोका आहे काय?

गेल्या महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही ओसरीवर आलो, तोच जैनथकडील एक शेतकरी काका पुढे आले. वय साठीच्या घरात. दोन वर्षांपूर्वी त्यांस हृदयविकाराचा झटका आला. मुलांनी नागपूरास नेले व तेथे रक्तवाहिनीत जाळी बसवून आणिले. काकांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढून आमच्या हातावर ठेविली.

"फादर, ही कोलेस्टेरॉलची गोळी पंधरा दिवस झाले, बंद केली आहे. पोटऱ्या फार दुखतात. शिवाय मुलाच्या फोनवर आले आहे की कोलेस्टेरॉल उतरले म्हणजे मेंदू सुकतो."

आम्ही वैद्यकी शिकलो नाही. तरी काकांस हसण्यावारी नेणे आम्हांस योग्य वाटले नाही, कारण ह्या भयास थोडा इतिहास आहे. अमेरिकेत १९६० साली ट्रायपॅरानॉल नावाचे कोलेस्टेरॉल उतरविणारे औषध विक्रीस आले. घेणाऱ्यांस मोतीबिंदू होऊ लागले, केस गळू लागले, आणि १९६२ साली ते बाजारातून काढून घ्यावे लागले. पुढे क्लोफायब्रेट आले. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपातील तीन शहरांत त्याची परीक्षा केली. १९७८ साली निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा असे दिसले की झटके कमी झाले, पण एकूण मृत्यू वाढले. आकडा उतरला म्हणजे माणूस वाचलाच असे नव्हे, हा धडा वैद्यांस तेव्हा मिळाला.

काकांच्या हातातील गोळी मात्र निराळ्या कुळातील. जपानचे संशोधक अकिरा एंडो ह्यांनी बुरशीत शोधून काढलेल्या द्रव्यापासून स्टॅटिन औषधांचा वंश सुरू झाला. त्यांतीलही एक, सेरिव्हास्टॅटिन, स्नायू झिजून मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटनांमुळे २००१ साली मागे घेतले गेले. बाकीच्यांचा हिशेब वेगळा आहे. उत्तर युरोपातील देशांत हृदयरोग जडलेल्या ४,४४४ रुग्णांवर केलेल्या परीक्षेचा निकाल १९९४ साली आला. सुमारे साडेपाच वर्षांत खोटी गोळी घेणाऱ्या २,२२३ जणांपैकी २५६ दगावले. खरी गोळी घेणाऱ्या २,२२१ जणांपैकी १८२. काका ह्याच रांगेतील रुग्ण होत.

म्हणून धोका मुळीच नाही असे नव्हे. ह्या गोळ्यांनी मधुमेह थोडा वाढतो. २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर त्यांत एकास अधिक मधुमेह होतो, असे २०१० साली अनेक परीक्षा एकत्र करून काढण्यात आले. पक्षाघात होऊन गेलेल्या ४,७३१ रुग्णांच्या २००६ सालच्या परीक्षेत मेंदूतील रक्तस्राव गोळी घेणाऱ्यांत ५५ जणांस झाला, न घेणाऱ्यांत ३३ जणांस. मात्र सर्व तऱ्हेचे पक्षाघात मोजले तर गोळी घेणाऱ्यांतच ते कमी होते. मेंदू सुकण्याची गोष्ट मात्र खरी नव्हे. मेंदूस लागणारे कोलेस्टेरॉल तो स्वतःच तयार करितो. रक्तातील कोलेस्टेरॉल तेथे सहसा शिरत नाही.

औषध न घेताच आकडा फार खाली गेला असेल, तर निराळी शंका घ्यावी. क्षय, यकृताचा विकार, कर्करोग, अन्नाची उपासमार ह्यांनीही कोलेस्टेरॉल उतरते. उटनूरच्या बाजूच्या गुड्यांत एखाद्या खंगलेल्या माणसाचा आकडा कमी आला म्हणून कोणी आनंद मानू नये. आधी त्याची थुंकी तपासून घ्यावी.

राहता राहिल्या पोटऱ्या. त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांस लंडनमध्ये कधी खरी गोळी, कधी खोटी, कधी काहीच नाही, असे महिने पाळीपाळीने दिले गेले. २०२० साली निकाल आला तो असा, की खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला त्यांतील सुमारे नव्वद टक्के खोट्या गोळीनेही झाला. म्हणजे काकांच्या पोटऱ्या दुखत नव्हत्या असे आम्ही म्हणणार नाही. दुखणे खरेच होते. ते कशाने, एवढेच पाहावयाचे होते. हातापायांतील बळ जाऊ लागले, लघवी चहासारखी काळपट झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा. म्हातारपण, मूत्रपिंडाचा विकार, किंवा सोबत घेतलेली काही जंतुनाशक औषधे असली की हा धोका वाढतो. म्हणून दुसऱ्या आजारासाठी औषध घेताना ही पट्टी डॉक्टरांस दाखवावी. गर्भवतीने तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

काकांचे धाकटे बंधूही शेजारी उभे होते. त्यांस हृदयाचा कसलाही विकार नाही. भावाचे पाहून दुकानातून तीच गोळी आणून खातात. त्यांस आम्ही स्पष्ट सांगितले की ज्यास झटका आला त्यास होणारा लाभ मोठा असतो, ज्यास आला नाही त्याचा हिशेब वय, रक्तदाब, साखर व तंबाखू पाहून डॉक्टरच मांडतील. ते थोडे रागावले.

सोमवारी काका आदिलाबादच्या रुग्णालयात गेले. रक्त तपासले तेव्हा गळ्यातील थायरॉईडची ग्रंथी मंदावल्याचे निघाले. तिनेही स्नायू दुखतात, आणि कोलेस्टेरॉलही चढते! डॉक्टरांनी तिचे औषध सुरू केले व जुनी गोळी कमी मात्रेने पुन्हा दिली. परवा काकू भेटल्या. म्हणाल्या, "दुखणे अर्ध्यावर आले आहे, फादर. पट्टी आता मी माझ्या डब्यात ठेविते. रात्री जेवण झाले की हातावर देते."