अंगणवाडी सुटल्यावर

मे महिन्याच्या सुरुवातीला एटापल्ली, धानोरा किंवा सिंदेवाहीकडच्या एखाद्या गावात सकाळी आठ वाजता जाऊन पाहावे. गाव ओस पडलेले असते. धडधाकट माणसे अंधार असतानाच तेंदूपाने तोडायला जंगलात गेलेली असतात. मागे उरतात ती आयुष्याच्या दोन टोकांवरची माणसे, म्हातारी आणि लेकरे. दुपारी माणसे पानांचे भारे घेऊन परततात आणि मग घरोघरी ओसरीवर पुडे बांधायची घाई सुरू होते, कारण संध्याकाळी फळीवर पुडे मोजून द्यायचे असतात.

अशाच एका ओसरीवर काही वर्षांपूर्वी मी तासभर बसलो होतो. आजी पाने जुळवत होती आणि चार वर्षांचा नातू तिला पाने पुरवत होता. फाटके पान, भोक पडलेले पान, कोवळे पान तो न सांगता बाजूला टाकी. चांगल्या पानांची पाच-पाचची चवड करून आजीच्या हातात देई, तोंडाने गोंडीत काही मोजत. आमच्याकडे सत्तर पानांचा एक पुडा होतो. म्हणजे अशा चौदा चवडी झाल्या की आजी गाठ मारी आणि पोरगा टाळी वाजवी. तेवढ्यात गावातली अंगणवाडीची ताई वजनाची वही घेऊन आली. पोराकडे पाहून मला म्हणाली, “हा अंगणवाडीत तोंडच उघडत नाही, सर. एक ते पाचसुद्धा येत नाही याला.” आजी दुखावली. म्हणाली, “असं कसं जी बाई? घरी तर याचं तोंड बंद होत नाही.”

दोघींपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. ताई आकडे मराठीत विचारत होती आणि पोरगा पाने गोंडीत मोजत होता. एकच मूल दिवसातले चार तास एका शाळेत आणि उरलेला सगळा दिवस दुसऱ्या शाळेत शिकत होते. या दोन शाळांच्या दोन शिक्षिका एकाच गावात राहत होत्या, एकाच हातपंपावर पाणी भरत होत्या. पण ‘हे लेकरू तुझ्याकडे काय शिकले?’ हा प्रश्न दोघींनी एकमेकींना कधी विचारला नव्हता. विचारायचा असतो, हेच त्यांना कोणी सांगितले नव्हते.

मूल सांभाळणे आणि मूल शिकवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हा समज शहरातल्या सुशिक्षितांचाही आहे. पाळणाघराच्या बाई सांभाळतात, नर्सरीच्या टीचर शिकवतात. पहिलीला आपण ‘मावशी’ म्हणतो आणि दुसरीला ‘मॅडम’. पण तीन वर्षांच्या मुलाला हा फरक कळत नाही. त्याला जेवू घालताना कोणी त्याच्याशी बोलले तर ती भाषा शिकवणेच असते, आणि कोणी बोलले नाही तर तोही एक धडाच असतो!

ही गोष्ट महाराष्ट्राला पाऊणशे वर्षांपूर्वी एका बाईंनी सांगितली होती. ताराबाई मोडक १९४५ साली ठाणे जिल्ह्यातल्या (आता पालघर) बोर्डीला गेल्या. बालवाडी काढली, पण आदिवासी पाड्यांतली मुले येईनात. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ पाड्यावरच जाऊ लागल्या आणि झोपड्यांच्या अंगणात मुले गोळा करू लागल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम गेले तेव्हा दुसरी अडचण दिसली. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा असतो. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला ‘विकासवाडी’ म्हटले. ताईने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे, मधल्याला बालवाडीत सोडावे आणि स्वतः वर्गात बसावे. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी शिक्षकच कुरणात गेले. त्याला ‘कुरणशाळा’ नाव पडले.

यातली महत्त्वाची गोष्ट इमारत नव्हे. मुलाला ज्याने धरून ठेवले आहे त्याला दोष न देता शाळेने त्याच्याशी जमवून घेतले, ही ती गोष्ट. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिने ‘अंगणवाडी’ हे नाव घेतले आणि ते देशभर नेले. त्या नावाबरोबर अंगण मात्र गेले नाही. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेच्या डोक्यावर आल्या. वजनाच्या नोंदी, आहाराचा हिशेब आणि अलीकडे मोबाइलवरची माहिती यांतून तिला शिकवायलाच वेळ काढावा लागतो, तिथे आजीशी बोलायला कुठून काढणार? तिचे मानधन आणि तिची कामे यांची तुलना केली तर मानधन हा शब्दच ओशाळेल. राज्यातल्या अंगणवाडी सेविका डिसेंबर २०२३ पासून पुढच्या जानेवारीपर्यंत संपावर होत्या, ते उगीच नव्हे. तेव्हा हा लेख ताईच्या विरोधात आहे असे कृपा करून कोणी समजू नये.

आता आमच्या या दोन जिल्ह्यांचे वेगळेपण पाहा. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीच्या बाजूला छत्तीसगडी, मुलचेरा-चामोर्शीकडच्या निर्वासितांच्या गावांत बंगाली आणि ब्रह्मपुरी-वडसा-आरमोरी पट्ट्यात आमची झाडीबोली. अंगणवाडीच्या भिंतीवरचा तक्ता मात्र सगळीकडे पुणेरी मराठीत. तक्त्यावर सफरचंद असते. मोहफूल, चार आणि तेंदूचे फळ ज्याने झाडाखाली बसून खाल्ले आहे, त्या मुलाने सफरचंद ओळखले नाही की वहीत ‘फळे ओळखत नाही’ अशी नोंद होते. पाण्याला ‘येर’ म्हणणारे मूल ‘पाणी’ या शब्दाला गप्प राहिले, तर ते अडाणी ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लहान मुलांना घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले. फार चांगले झाले. पण ताईला ती भाषा येत नसेल, तर गावात ती कोणाला येते? आजीलाच ना!

“आजी काय शिकवणार, तिला सही करता येत नाही,” असे कोणी म्हणेल. त्यांनी गडचिरोलीचीच एक गोष्ट आठवावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत जेमतेम शालेय शिक्षण झालेल्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. नवजात बालकांचे मृत्यू तिथे तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे मांडले. न्युमोनियाचा श्वास मोजणे गावातल्या बाईला जमते, तर नातवाला रोज एक गोष्ट सांगणे आणि त्याने काय विचारले ते दुसऱ्या दिवशी ताईला सांगणे आजीला का जमू नये?

अर्थात आजीचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. सगळ्या आज्या गोष्टी सांगत नाहीत. कित्येक दमलेल्या असतात, कित्येकींच्या तोंडात खर्रा असतो आणि तो नातवाच्याही हाती लागतो. आता तर मुलाला गप्प करायला मोबाइल हाती देण्याची चाल खेड्यापर्यंत आली आहे. आणि जिथे आजी नसते तिथे नऊ-दहा वर्षांची बहीण ‘आजी’ होते. तिची शाळा बुडते, हे तर कोणत्याच वहीत येत नाही. मुलाला सोबत जंगलात न्यावे म्हटले तर वाघाची भीती. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्यानंतर कोणती आई लेकरू पाठीशी बांधून जंगलात जाईल?

इंग्लंडमध्ये स्वतःच्या घरी इतरांची मुले सांभाळणाऱ्या बायकांची सरकारदरबारी नोंदणी होते. तिथे २००८ साली लागू झालेल्या बालशिक्षणाच्या आराखड्यात एक साधी अट होती : मूल दोन ठिकाणी राहत असेल तर दोन्हीकडच्यांनी त्याच्या प्रगतीची माहिती एकमेकांना द्यायची. सांभाळणाऱ्या बाईलाही शिकवणारी मानले, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे त्यासाठी इंग्लंडचे कागद आणायची गरज नाही. महिन्यातून एकदा अंगणवाडीतली सकाळ आज्यांची असावी. त्यांनी आपल्या भाषेत गोष्ट सांगावी, पाने-बिया मोजून दाखवाव्यात. ताईने ती गाणी, ते आकडे शिकून घ्यावेत आणि आपली चार मराठी गाणी आजीला द्यावीत, म्हणजे संध्याकाळी ती घरी म्हटली जातील.

हंगामाचे मात्र असे गोडीगुलाबीने भागणार नाही, तिथे पैसा लागेल. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. कामावर पाच किंवा अधिक लहान मुले आली तर एका बाईने ती सांभाळायची आणि तिला मजुरी मिळायची. सांभाळणे हे काम आहे, हे तिथे कायद्याने मान्य केले होते. तेंदूच्या त्या दोन-तीन आठवड्यांत ग्रामसभेने किंवा शासनाने तेच केले, अंगणवाडी पहाटे उघडली आणि दोन आज्यांना रोज दिला, तर मोठी बहीण मोकळी होईल. ज्या ग्रामसभा आज पानांचा लिलाव स्वतः करतात, त्यांना एवढा हिशेब अवघड नाही.

त्या दिवशी ओसरीवर ताईने शेवटी वही मिटली आणि खाली बसली. पोरगा तिला बिचकून आजीच्या मागे सरकला. ताईने पाच पाने उचलून चवड केली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने मोजली, एक पान काढून बाजूला टाकले. त्याला भोक होते. “हे तर मला दिसलंच नाही,” ताई म्हणाली आणि आजीला विचारू लागली, “पाचला तुमच्यात काय म्हणता, आजी?”