आडात आहे, पोहऱ्यात नाही

गोदावरीच्या मुखापुढे, खोल समुद्राच्या तळाखाली, २००२ साली नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. पुढल्याच वर्षी हैदराबादेत भाग्यनगर गॅस ही कंपनी स्थापन झाली. घरोघर नळाने गॅस, कारखान्यांना इंधन, वीजकेंद्रांना अखंड पुरवठा, अशी स्वप्ने त्या काळी अविभक्त आंध्रच्या राजधानीत रंगू लागली. एप्रिल २००९ मध्ये वायू वाहू लागला आणि काकिनाड्याहून हैदराबादेच्या वाटेने महाराष्ट्र ओलांडून भरूचपर्यंत सुमारे १,४०० किलोमीटरची वाहिनीही सुरू झाली. वाहिनी उभी राहिली. आटला तो वायू.

दिवसाला ८ कोटी घनमीटरचे लक्ष्य होते. २०१० साली उत्पादन जेमतेम ६ कोटींपर्यंत चढले आणि २०१३ पर्यंत दीड कोटीच्याही खाली घसरले. कंपनीने भूगर्भाकडे बोट दाखविले, सरकारने न खोदलेल्या विहिरींकडे. या वादात मारले गेले ते तिसरेच. आंध्रातील वीजकेंद्रे भरवशाच्या इंधनाअभावी पडून राहिली, आणि ज्याच्या कर्मकहाण्या कोकणाला तोंडपाठ आहेत ते दाभोळचे केंद्रही त्याच वर्षी थंडावले. बंगालच्या उपसागरातील फुगलेल्या अंदाजाची झळ अरबी समुद्राच्या काठी लागावी, हा योगायोग नव्हे. कागदावरच्या साठ्याच्या भरवशावर कर्जे काढून यंत्रे उभारण्याचेच ते फळ होय.

जगाकडे पाहिले तरी हेच दिसते. रशिया, इराण आणि कतार या तिघांकडे मिळून पृथ्वीवरील ज्ञात साठ्यांपैकी जवळजवळ निम्मा वायू आहे. तरीही उत्पादनात अग्रस्थान आहे ते अमेरिकेचे, जिचा साठा रशियाच्या सुमारे एक तृतीयांश! साठ्यात दुसऱ्या क्रमांकावर असलेला इराण तर निर्बंध आणि अपुऱ्या यंत्रसामग्रीमुळे हिवाळ्यात स्वतःच्याच नागरिकांना वायू पुरवताना मेटाकुटीस येतो. याउलट चिमुकल्या कतारने वायूचे द्रवीकरण करून तो जहाजांनी जगभर पोचविला. भारताने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्याशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार २०४८ पर्यंत वाढविला आहे. मात्र त्या जहाजांना होर्मुझच्या सामुद्रधुनीवाचून दुसरी वाट नाही, हे नाविकांच्या या किनाऱ्याला सांगावयास नको.

नव्या विहिरींमुळे गोदावरी खोऱ्यातील उत्पादन २०२३ मध्ये पुन्हा दिवसाला सुमारे ३ कोटी घनमीटरवर आले, ही समाधानाची बाब आहे. परंतु यापुढे अशा साठ्यांच्या घोषणांवर वीजकेंद्रांना कर्जे देण्यापूर्वी त्यांची स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी आणि तिचा अहवाल संसदेपुढे यावा, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.