बारीक काटा

आमच्या साखऱ्याच्या जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, ‘लायगो’ वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्राने २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा, आत लेसर. कृष्णविवरे आदळली की भुजेत प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्श्याएवढा पडणारा फरकही म्हणे पकडणार! अमेरिकेने २०१५ साली तशी लहर पकडलीही. टक्कर १३० कोटी वर्षांपूर्वीची.

यंत्रावर आमचा अविश्वास नाही. फक्त हा काटा आठवड्यातून एक दिवस हळदीच्या बाजारात मांडता येईल का? गेल्या हंगामात आमच्या दर पोत्यामागे किलोभर हळद गेली कुठे, म्हणून आडत्याला विचारले.

“काका, हळद ओली असते, वाळते.”

गाडीवरून काट्यावर चढेपर्यंत?