रात्री एक वाजता वॉर्डात कोण असतं?

चार वर्षांपूर्वी मी एका सिस्टरच्या विरोधात बातमी लावली होती. "रुग्णाला कॉटला बांधले; परिचारिकेवर कारवाईची मागणी." चार कॉलम, फोटोसकट. तालुक्यात चांगलीच गाजली. तिला नोटीस निघाली. आजची पोस्ट त्या बातमीची दुरुस्ती समजा. उशिरा का होईना.

प्रकार असा. माझा शाळेतला मित्र मोटारसायकलवरून पडला, नडगीचं हाड मोडलं. सरकारी दवाखान्यात दाखल केलं. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घामानं उशी भिजली. सगळे म्हणाले, पाय दुखतोय म्हणून. तिसऱ्या रात्री त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, लवकर या, हे कायतरीच करायलेत."

मी गेलो तेव्हा तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. सलाईन उपटून टाकलेलं, मोडलेल्या पायावर उभं राहायची धडपड चाललेली. मला त्यानं माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. दोन वॉर्ड मिळून एकच सिस्टर. डॉक्टर बाळंतपणाच्या केसमध्ये अडकलेले. शेवटी सिस्टर आणि मावशींनी मिळून बँडेजच्या पट्टीनं त्याचे हात कॉटला बांधले. सिस्टर मला म्हणाल्या, "सर, याला काय झालंय तेच मला कळेना. हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही."

मी काय केलं? मोबाईल काढला आणि फोटो घेतला. त्यांचं वाक्य बातमीत घेतलं नाही. खरी बातमी त्या वाक्यातच होती.

पहाटे त्याला जिल्ह्याला हलवलं. तिथल्या एका वयस्क सिस्टरनं आधी त्याचा पाय बघितलाच नाही. वहिनीला बाजूला घेऊन एकच विचारलं, "शेवटची कधी घेतली होती?" वहिनी खाली मान घालून म्हणाल्या, "पडले त्याच दिवशी. रोज लागते." बास. सिस्टरनी डॉक्टरांना गाठलं, काय वाटतंय ते सांगितलं. थायमिनचं इंजेक्शन, डॉक्टरांनी लिहिलेलं शांत करणारं औषध, डोक्यावरचा दिवा चालू, वहिनींना शेजारी बसवलं आणि ठरावीक वेळानं येऊन कागदावर नोंद. हातही मोकळे केले. तीन दिवसांनी त्यानं मला माझ्या नावानं हाक मारली.

दोन्ही सिस्टर सरकारीच. गणवेश तोच, पगाराची श्रेणी तीच. फरक एवढाच की दुसरीनं एक वर्षाचा मानसोपचार परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम केला होता. एक वर्ष. माझ्या मित्राचा जीव त्या एका वर्षानं वाचवला.

आता हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे उलटाच समज आहे. माझा मित्र दारू पिऊन मरायला टेकला नव्हता, अचानक दारू बंद झाल्यामुळे टेकला होता. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम थांबली की काही तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम होऊ शकतो, आणि उपचार नाही मिळाले तर माणूस त्यात जातो. म्हणजे हाड मोडून, अपेंडिक्स होऊन, नाहीतर साध्या तापानं दाखल झालेल्या माणसाला हे तिसऱ्या दिवशी गाठतं. घरचे लाजेनं सांगत नाहीत. दवाखान्यात कुणी विचारत नाही.

आणि हे ओळखायला महागडं मशीन लागत नाही. जगभर वापरली जाणारी दहा मुद्द्यांची एक तक्ता-पट्टी आहे. मळमळ, थरथर, घाम, अस्वस्थता, डोकेदुखी, भास होतात का, आज वार कोणता हे सांगता येतं का, असे मुद्दे. एकूण ६७ गुण. परिचारिका कॉटशेजारी उभी राहून काही मिनिटांत भरू शकते. आकडा वाढला की डॉक्टरांना कळवायचं. थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. अशा रुग्णाला नुसतं ग्लुकोज चढवत न बसता ते वेळेवर दिलं नाही, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे सगळं शिकण्यासारखं आहे. शिकवणारं पाहिजे.

किती लोकांचा प्रश्न आहे? केंद्र सरकारसाठी एम्सच्या व्यसनोपचार केंद्रानं देशभर पाहणी केली, २०१९ मध्ये अहवाल आला. दारूमुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे ५.७ कोटी. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसला तरी उपचार मिळाला. दाखल होऊन उपचार मिळाले ते १८० मागे एकाला. तुमच्या गल्लीतले मोजा आणि बघा.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे. त्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारात केलाय. सरकारी दवाखान्यांतल्या सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसिक आरोग्यसेवेचं प्रशिक्षण द्यावं, असंही कायदा म्हणतो. चांगलं आहे. पण रात्री एक वाजता वॉर्डात कोण असतं, हे कायदा लिहिणाऱ्यांनी एकदा येऊन बघायला पाहिजे होतं. तिथं सिस्टर असते.

पैसे नाहीत असं कृपया कुणी सांगू नका. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं. त्यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित असल्याचं सरकारनंच सांगितलं. महसूल नीट गोळा व्हावा म्हणून उत्पादन शुल्क विभागात शेकडो नवी पदंही मंजूर झाली. बाटली मोजायला माणसं मिळतात. बाटलीनं आडवा झालेला माणूस ओळखायला जिल्ह्याला दोन सिस्टर मिळत नाहीत? हा हिशेब मला कुणीतरी समजावून सांगा.

माझी मागणी साधी आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठानं सरकारी परिचारिकांसाठी व्यसनोपचाराची एक वर्षाची पगारी फेलोशिप सुरू करावी. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारची मनोरुग्णालयं आहेतच, प्रत्यक्ष शिक्षण तिथं होईल. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, आणि त्यासाठी पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसे दिले. जे काम दोन डॉक्टर आणि एक साहित्यिक दांपत्य करू शकलं, ते पुढं न्यायला सरकारला कोण अडवतंय?

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. आधीच उत्तर देतो.

एक, "डॉक्टरांचं काम नर्सला कशाला?" कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात परिचारिकांसाठी व्यसनोपचाराची खास फेलोशिप आहे. तिथं अफूजन्य पदार्थांच्या विषबाधेनं इतकी माणसं जायला लागली की २०१६ मध्ये आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. २०२० मध्ये तर प्रशिक्षित परिचारिकांना व्यसनावरचं ठरावीक औषध लिहून देण्याची मुभा मिळाली. मी तेवढंही मागत नाही. ओळखायचं, मोजायचं, डॉक्टरांना वेळेत उठवायचं आणि घरच्यांशी बोलायचं, एवढंच मागतोय. परदेश नको असेल तर शेजारचा गोवा घ्या. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत संवाद साधला. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. ज्यांना समुपदेशन नव्हतं त्यांच्यातले २६ टक्के. हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आलाय. शिकवलेला माणूस फरक पाडतो, एवढा त्याचा अर्थ.

दोन, "सिस्टरना आधीच काम कमी आहे का?" बरोबर आहे. म्हणूनच फेलोशिपसोबत पद पाहिजे. त्या जिल्ह्याच्या सिस्टरचं पुढं काय झालं सांगू? पुढच्या बदल्यांत त्यांना लसीकरणाला टाकलं. लसीकरण महत्त्वाचंच आहे, पण ज्या एका बाईला हे काम येत होतं तिला तिथून उचलून नेलं. शिकवायचं आणि मग भलतीकडं बसवायचं, म्हणजे विहीर खणून त्यावर फरशी घालण्यासारखं.

तीन, "दारुड्यांवर सरकारचा पैसा कशाला?" हे म्हणणाऱ्यांनी आधी त्या घरातल्या बाईसमोर उभं राहून म्हणून दाखवावं. साखर वाढली म्हणून कुणी मधुमेह्याला दवाखान्याबाहेर काढत नाही. आणि तो १४ हजार कोटींचा महसूल येतो कुणाच्या खिशातून? त्यांच्याच. दारूबंदीवर वेगळं भांडू, मी तिथंही येईन. पण बंदी आली तरी दुसऱ्या दिवशीपासून थरथरणाऱ्या हातांना सांभाळायला कुणीतरी लागणारच.

चौथी गोष्ट मला कुणी विचारणार नाही, म्हणून मीच सांगतो. "न सांगता दारू सोडवा" या पुड्यांच्या जाहिराती आमच्यासारख्या छोट्या पेपरांनी वर्षानुवर्षं छापल्या. मी स्वतः त्या पानावर काम केलंय. त्या पुडीत काय असतं कुणाला ठाऊक नसतं. बायका बिचाऱ्या भाजीत कालवून देतात. दवाखान्यात विचारायला विश्वासाचं माणूस नाही म्हणूनच त्या पुडीकडं जातात. तेव्हा ही जागा रिकामी ठेवण्यात आमचाही वाटा आहे.

पुढच्या आठवड्यात रुग्ण कल्याण समितीला निवेदन देतोय. त्यात तीनच ओळी आहेत. दाखल होणाऱ्या प्रत्येकाला "शेवटची कधी घेतली?" हा प्रश्न न लाजता, न हिणवता विचारा. तो दहा मुद्द्यांचा तक्ता वॉर्डात लावा. आणि फेलोशिपच्या मागणीचा ठराव करून वर पाठवा. पहिल्या दोन गोष्टींना मंत्रालय लागत नाही. आमदारसाहेबांनाही प्रत देणार आहे, त्यांनी काय उत्तर दिलं ते इथंच लिहीन. सोबत यायचं असेल त्यांनी मेसेज करा.

मित्राचं विचाराल तर तो जिवंत आहे. दारू दोनदा सुटली, दोनदा लागली. आता पाच महिने झालेत. लंगडत चालतो, पण रोज संध्याकाळी पोराला घेऊन फिरायला जातो.

आणि त्या पहिल्या सिस्टरना मी मागच्या महिन्यात भेटून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं राहू द्या सर. परवा परत तसाच एक पेशंट आला होता. मला अजूनही कुणी शिकवलेलं नाही."