कर्णधारपद नाही, तिकीट मात्र हजर!

"खेळात जात नसते, फक्त मेहनत करा," असा उपदेश मीरा-भाईंदरच्या मैदानांवर आपल्या पोरांना रोज ऐकवला जातो. उपदेश करणाऱ्यांनी बाळू पालवणकर वाचावेत.

चांभार समाजातले हे डावखुरे फिरकीपटू. पुण्यात हिंदूंना त्यांची गोलंदाजी चालली, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरी हिंदू संघाने त्यांना कर्णधार नेमलं नाही. १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले, तेव्हा बाळूंचे खेळायचे दिवस सरले होते.

अमेरिकेचा कृष्णवर्णीय सायकलपटू मेजर टेलर १८९९ चा जगज्जेता. निवृत्तीनंतर कंगाल झाला आणि १९३२ मध्ये शिकागोत धर्मादाय वॉर्डात मेला. त्याला समाज विसरला. बाळूंना विसरले नाहीत, वापरलं! त्याच १९३२ मध्ये पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना तिकीट दिलं, तेही थेट बाबासाहेबांविरुद्ध! बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

मित्रांनो, बाळूंना गद्दार म्हणून मोकळे होऊ नका. ज्यांनी संघाचं नेतृत्व नाकारलं, त्यांनाच आपल्या नेत्याविरुद्ध त्यांची कीर्ती कशी आठवली, हे विचारा. उद्या तुमच्याही गळ्यात हार पडेल. तेव्हा आधी बघा, तो कुणाविरुद्ध घातला जातोय.

जय भीम!